राखाडीवर मरून

सोमवार, ४ नोव्हेंबर

आत्याचं दुकान नऊ फूट बाय बारा आहे. मी टेपने मोजलं. आत्या म्हणाली, "विकत घेणारेस की काय?" मी म्हटलं, सवय आहे.

मागच्या आठवड्यात ती पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. माझी रजा साठलेली होती, म्हणून बाबांनी मला पाठवलं. उघड काम हे की आत्याचा उजवा हात व्हायचं. खरं काम वेगळं आहे. आत्या आणि तिचं रफूचं दुकान, दोन्ही एकट्याने चालण्याच्या लायकीची राहिली आहेत का, हे पाहून बाबांना लेखी कळवायचं. नसतील तर दुकान बंद करून आत्याला बाबांकडे हलवायचं. मागची खोली त्यांनी रंगवूनही घेतली आहे. "तू भावनेच्या भरात काही लिहिणार नाहीस, म्हणून तुलाच पाठवतोय," म्हणाले. मी ती स्तुती समजले.

मी प्रयोगशाळेत दोर आणि पट्टे तपासते. धागा कुठे, कशाने आणि किती ओढल्यावर तुटतो हे सांगणं माझं काम. तुटला की नोंद करायची आणि पुढचा नमुना लावायचा. इथे लोक तुटलेला नमुना कागदात गुंडाळून घेऊन येतात आणि मला तो पुन्हा पायात घालायचाय म्हणतात. जुन्या मोज्यासाठी एवढा जीव टाकणारी माणसं मी याआधी पाहिली नव्हती. पाहिली नाहीत म्हणून काही अडलंही नव्हतं.

बॅग उघडताना आत्या शेजारीच उभी होती. माझं भिंग मी राखाडी लोकरीच्या दोन मोज्यांत, एकावर एक, गुंडाळून आणलं आहे. दर थंडीत ती मला एक जोड विणून पाठवते, त्यातलाच हा एक जोड. तिने डाव्या हाताने वरचा मोजा काढून उलटा केला आणि टाचेवरून अंगठा फिरवला.

"भिंगाला ऊब मिळते ना?"

"काचेला ऊब लागत नाही. धक्का बसू नये म्हणून गुंडाळलंय."

"असं होय," म्हणाली, आणि मोजा पुन्हा भिंगावर चढवून दिला.

अहवालात न बसणाऱ्या गोष्टी या वहीत लिहीन.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज सात गिऱ्हाइकं. पहिले एक प्राध्यापक. कोपराला भोक पडलेला स्वेटर त्यांनी टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. "याच्याशी माझ्या फार भावना जोडलेल्या आहेत." मी म्हटलं, भोक तीन सेंटिमीटर आहे. ते दुखावले.

मग एक बाई. नवऱ्याचा स्वेटर तिने गरम पाण्यात धुतला. तो आता पाच वर्षांच्या मुलाला बसेल. "जरा मोठा करून द्याल का?" मी सांगितलं की लोकर आटते तेव्हा तंतू एकमेकांत अडकतात, आणि ते परत सुटत नाहीत. "पण त्यांना सोमवारी घालायचाय हो." सोमवारचं नाव ऐकून तंतू सुटणार होते बहुधा. आत्याने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि याच स्वेटरची उशीची खोळ किती छान होईल ते पटवून पाठवलं. जाताना ती मला म्हणाली, "तुमच्या आत्याबाई किती प्रेमळ आहेत!" माझ्याकडे बघून तिला दुसरं वाक्य सुचलं असावं, पण ते तिने गिळलं.

आत्याचं काम चांगलं आहे, हे नोंदवायला हवं. शेल्फावर चाळीस छटांची लोकर आहे आणि त्यातून ती इतकी अचूक छटा काढते की रफू कुठे केली ते मला भिंगाखालीसुद्धा शोधावं लागतं. "माझी रफू दिसली तर ती चुकली," असं ती म्हणते. या एका बाबतीत आमचं एकमत आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज सकाळी आत्याने मला तिचे केस पुन्हा विंचरायला लावले. आधी घातलेला अंबाडा सैल आहे म्हणाली. सैल नव्हता. वरच्या फळीवरचे दोन चांगले कप काढायला सांगितले. गुरुवारी ती नीटनेटकी असते म्हणे. बाकीच्या दिवशीही असायला हरकत नाही.

अकराला एक वयस्कर गृहस्थ आले. आत्या त्यांना मीटरवाले म्हणते. एकतीस वर्षं ते घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचत होते. आता निवृत्त आहेत आणि एका गुडघ्याने अधू. टोपी काढली, खुर्चीत बसले आणि खिशातून एक राखाडी मोजा काढला. एकच.

"बाई, पुन्हा तिथेच."

"तुमचे पाय आहेत की किसण्या?"

"पाय बिचारे घरातच असतात."

"मग मोजे एकटेच फिरायला जात असतील," आत्या म्हणाली, आणि दोघं हसली. मी घड्याळ बघितलं. एका मोज्यावर चर्चा एक तास दहा मिनिटं चालली. मधे पाणीपट्टी खात्यातल्या कुठल्याशा साहेबाचा विषय निघाला. तो साहेब मरून बारा वर्षं झाली, तरी त्याची नक्कल दोघांनी करून दाखवली.

ते गेल्यावर आत्याने मला रफूला बसवलं. मी राखाडी लोकर काढायला उठले.

"ती नको. कपाटातला माझा मरून स्वेटर काढ."

तो तिचा स्वतःचा, पुढे बटणं असलेला. चांगला आहे, किंवा होता. डावी बाही कोपराच्या वरच संपते. बाही वरून खाली विणलेली आहे, त्यामुळे मनगटाकडून उसवत जाते. त्यातलाच धागा उसवून राखाडी मोज्यावर मरून रफू करायची.

"आत्या, राखाडीच्या सहा छटा आहेत."

"आहेत."

"मग?"

"उसव गं. दोन मीटर पुरे."

चाळीस छटा जमवणारी बाई या एका गिऱ्हाइकाची रफू लांबूनही डोळ्यांत खुपेल अशी करते आणि त्यासाठी स्वतःचे कपडे उसवते. अहवालात लिहावं लागेल: साहित्याची निवड विसंगत. वयाचा परिणाम असू शकतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

रफू शिकते आहे. अळंबीच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा मोज्यात घालतात, भोक त्यावर ताणतात, आधी उभे धागे भरतात, मग त्यातून आडवे विणतात. तत्त्व सोपं आहे. आज मी भरलेला चौकोन प्रयोगशाळेत लावला असता तर मूळ विणकामाच्या तिप्पट ओढ सोसून टिकला असता. तसं आत्याला सांगितलं.

तिने चौकोन दोन बोटांत धरला. "बाईसाहेब, मोजा आहे हा, पूल नव्हे. उसव."

"का? मजबूत आहे."

"म्हणूनच. रफू आजूबाजूपेक्षा घट्ट झाली की आजूबाजूचं फाटतं. जेवढी ओढ शेजारच्या टाक्याला, तेवढीच तुझ्या टाक्याला."

दोर जिथे जास्त ताठ असतो त्याच्या शेजारीच तुटतो, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. मला सुचायला हवं होतं. तीन वेळा उसवलं.

ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो उन्हाळ्यात म्हणाला होता की तुझ्याशी बोलायला बसलं की तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मी विचारलं होतं, कोणत्या विषयाच्या? हे इथे का लिहिलं माहीत नाही. खोडत नाही, वही घाण होते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

काल मीटरवाल्यांनी पुन्हा एक मोजा आणला. भोक त्याच जागी: पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या खाली. आज मी तो भिंगाखाली घेतला.

झिजून तुटलेल्या धाग्याचं टोक पिसासारखं असतं. तंतू एकेक करून तुटलेले, कुणी लांब, कुणी आखूड. कापलेल्या धाग्याचं टोक सपाट असतं. या मोज्यात अडतीस टोकं मोजली. अडतीसही सपाट. तक्ता केला: लांबी, जाडी, टोकाचा आकार, जागा. चार रकाने, शंकेला जागा नाही.

शिवाय पावलाचा वरचा भाग कशाला घासत नाही. मोजे झिजतात टाचेला आणि अंगठ्याला. एकतीस वर्षं पायी फिरलेल्या माणसाने निदान एवढं तरी लक्षात ठेवायला हवं होतं. लबाडी करायची तर अभ्यास करून करावी.

आत्याच्या कामाच्या वहीतही बघितलं. सव्वा वर्षात या माणसाचे त्र्याहत्तर मोजे. पहिल्या दिवशी चौदा एकदम आणि त्यानंतर दर गुरुवारी एक. मधे एकदा सलग दोन गुरुवार नोंद नाही. बहुधा आजारपण.

जेवताना सहज विचारलं, "हे मोजे कुणी विणलेत?"

"त्यांच्या बायकोने. सात जोड आहेत. तिला जाऊन नऊ वर्षं झाली."

म्हणजे मेलेल्या बायकोच्या हातचं विणकाम हा माणूस दर आठवड्याला कात्रीने कापतो आणि वर टोपी काढून चहा पितो. मला लोकांविषयी फारशा अपेक्षा नसतात. तरी हे त्यांच्याही खाली होतं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बघ! म्हणजे खरं काम तिथे नाहीच. उगाच बसली आहे ती तिथे. तू नीट लिहून पाठव, या महिनाअखेर तिला घेऊनच ये."

आत्याला अजून काही बोलले नाही. आधी पुरावा त्या माणसासमोर ठेवायचा. तो न्याय आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

ठेवला.

ते आले, टोपी काढली, मोजा काढला. आत्या म्हणाली, "आज लवकर?" तेवढ्यात मी तक्ता त्यांच्यासमोर ठेवला आणि समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. पिसासारखं टोक, सपाट टोक, त्र्याहत्तर नोंदी. शेवटी म्हटलं, "हे मोजे झिजलेले नाहीत. तुम्ही ते कापता. तुमच्या बायकोने विणलेले."

आत्या म्हणाली, "पुरे."

मीटरवाले तक्त्याकडे बघत होते. बोट ठेवून एकेक ओळ वाचली, जसे मीटर वाचत असतील तशी. मग म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, ताई." उठले. टोपी घातली. आणलेला मोजा टेबलावरच राहिला. गेल्या आठवड्याचा रफू केलेलाही राहिला. चहाला हात लावला नव्हता.

आत्याने दार लोटलं. मी म्हटलं, "तुला माहीत असायला हवं होतं."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कात्री बोथट आहे त्यांची. धागा कापण्याआधी चेंगरतो."

चेंगरलेली टोकं माझ्या नजरेतून सुटली होती, हे कबूल. पण मग तिने सांगितलं का नाही? माहीत असून काम घेत राहणं म्हणजे तीही त्यात सामील. तसं म्हटलं.

"तुझ्या प्रयोगशाळेत दोर तुटेपर्यंत ओढतात ना?"

"हो."

"मग आज तू नियमाने वागलीस," ती म्हणाली आणि कप उचलायला गेली. डाव्या हाताने दोन कप एकदम उचलता येत नाहीत. मी पुढे झाले तर म्हणाली, राहू दे.

अहवालाचा मसुदा तयार आहे. शिफारस: दुकान बंद करावे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज आत्या केस विंचरायला नको म्हणाली. सैल असले तरी चालतील.

अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. सव्वाबाराला म्हणाली, "चहा एकच कर. मला नको."

प्राध्यापक स्वेटर न्यायला आले. रफू मी केली होती. कोपर तीन वेळा उलटंपालटं करून भोक कुठे होतं तेच सापडेना. "कमाल आहे! गेलं कुठे?" आत्या एरवी अशा वेळी काहीतरी मजेशीर बोलते. आज म्हणाली, "कागदात बांधून दे गं."

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सकाळी आत्याने विचारलं, "दादाने खोली कुठल्या रंगाने रंगवली आहे?"

"फिकट पिवळ्या."

"बरं. सांग त्याला, येते मी. प्लास्टर निघालं की."

"दुकान?"

"दुकानात काय आहे? मोजे." ती हसली नाही. "तूच म्हणतेस ना, घालून घालून संपवायचे आणि नवे आणायचे."

मी असं म्हटलं होतं, पहिल्याच दिवशी. बाबांना फोन केला. त्यांना आश्चर्य वाटलं. आपल्या बहिणीशी दोन वर्षं वाद घालूनही जे जमलं नाही ते मी चार आठवड्यांत जमवलं, म्हणाले. "तुला पाठवलं तेच बरं झालं."

काम पूर्ण झालं आहे. त्यामुळे समाधान वाटायला हवं. फरशी फार गार आहे, पावलं दिवसभर गारठलेली असतात, कदाचित त्यामुळे असेल.

सोमवार, २ डिसेंबर

दुकान आवरायला घेतलं. आधी हातातली कामं पुरी करायची. शेवटी राहिला तो टेबलावरचा राखाडी मोजा.

"तो नीट करून पाठवून दे," आत्या म्हणाली. "अर्धं काम मी कुणाकडे ठेवत नाही."

ठोकळ्यावर चढवला. कापलेले धागे चिमट्याने काढताना ते पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवत गेले. सवय. अर्ध्यावर आले आणि थांबले. कागदावरचे सगळे धागे मरून होते.

भिंग घेतलं. भोकाच्या कडेने पूर्ण फेरी मारली. एकही राखाडी धागा कापलेला नाही. राखाडी टोकं आहेत, पण ती उरलेल्या रफूखाली दडलेली, जुनी, कुरतडलेली, कसरीने खाल्लेली. शेवटचा राखाडी टाका जिथे संपतो तिथून दीड मिलिमीटर आत कात्री फिरली आहे आणि चारी बाजूंनी ते अंतर राखलं आहे. मग टेबलावर राहिलेला दुसरा मोजा घेतला. त्याची रफू माझीच होती, पण काढलेले धागे मी पाकिटात ठेवले होते. तेही मरून. सगळे.

म्हणजे तो माणूस बायकोचं विणकाम कापत नव्हता. आत्याची रफू कापत होता. तेवढीच.

माझ्या तक्त्यात रंगाचा रकाना नाही. दोराची ताकद रंगावर ठरत नाही, म्हणून आम्ही तो ठेवत नाही. मरून धागा मला दिसला होता. जुनी रफू म्हणून सोडून दिला.

आत्याकडे गेले. "पहिले चौदा मोजे कसे फाटले होते?"

"पेटीत घडी करून ठेवले होते. घडीवर कसर लागली. सगळ्यांना एकाच जागी."

"आणि मरून धागा का?"

"राखाडीत बुजवली असती तर पुढे कुणालाच कळलं नसतं, कुठवर तिचं आणि कुठून माझं. त्या माणसाला तरी कळायला हवं ना. बाईच्या कामात आपलं काम लपवायचं नाही."

"आणि तुझाच स्वेटर का?"

"आता तू भिंग माझ्यावर लावलंस हं," आत्या म्हणाली. "जा, चहा कर."

मंगळवार, ३ डिसेंबर

कामाच्या वहीत पत्ता होता. तिसरा मजला, बेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. दर गुरुवारी त्या गुडघ्यासह बेचाळीस खाली आणि बेचाळीस वर.

त्यांनी दार उघडलं आणि आधी माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं. "अजून एक तक्ता?"

"तोच. त्यात चूक होती. दुरुस्त करायला आले आहे."

"म्हणजे माफी मागायला?"

"नाही. दुरुस्ती करायला."

ते हसले. "बाईंची भाची शोभता. या."

खोली एकच, स्वच्छ. टेबलावर दिवा, चष्मा आणि नखं कापायची एक छोटी कात्री. खरोखरच बोथट. मी सांगितलं की कापलेले सगळे धागे आत्याचे आहेत, बायकोचा एकही नाही, आणि मी त्या दिवशी बोलले ते वाक्य चुकीचं होतं. त्यांनी मान हलवली.

"एकदा तिचा एक टाका कापला गेला होता," ते म्हणाले. "चष्मा धुरकट होता. दोन आठवडे दुकानात यायची हिंमत झाली नाही."

वहीतले दोन रिकामे गुरुवार. मी आजारपण लिहिलं होतं.

मग मी विचारलं, कारण मला खरोखर कळत नव्हतं. "काम नसताना यायला काय हरकत होती? नुसतं यायचं."

"ताई, एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो तो मीटर बघायला. बेल दाबायची, 'पाण्याचं मीटर' म्हणायचं, की दार उघडतं. हातात काही नसताना कुणाच्या दारात उभं कसं राहायचं, ते मला येत नाही. शिकलोच नाही."

उत्तर होतं, पण ते मलाही लागू पडत होतं, म्हणून दिलं नाही. टेबलावर दोन्ही मोजे ठेवायला म्हणून पाकीट उघडलं आणि त्यातला एकच काढून ठेवला, आधीचा. दुसरा, काल रात्री रफू करून पुरा केलेला, परत आत टाकला.

"हा अजून झालेला नाही," मी म्हटलं. "गुरुवारी न्यायला या."

"झालेला नाही?"

"नाही."

मी निघाले. पायऱ्या उतरताना पुन्हा मोजल्या. बेचाळीसच.

गुरुवार, ५ डिसेंबर

सकाळी सांगितलं, "आत्या, केस विंचरायचेत."

"कशाला?"

"सैल आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं, पण पाठ फिरवून बसली. या वेळी अंबाडा खरोखर चांगला जमला. वरच्या फळीवरचे दोन कप मीच काढले.

अकराला दाराशी टोपी दिसली. मीटरवाले उंबऱ्यात उभे, हात रिकामे. त्यांना आत पाऊल टाकता येईना, खरंच येईना. मला राग आला. साठी ओलांडलेली दोन माणसं, आणि चार फुटांचं अंतर कापायला यांना मोज्याचा परवाना लागतो.

मी म्हटलं, "मोजा अजून झालेला नाही. बसावं लागेल."

"बसतो की," ते म्हणाले आणि बसले.

"तुमचे पाय आहेत की किसण्या?" आत्याने विचारलं. शेवटचा शब्द तिने पुन्हा नीट म्हटला.

मी कोट चढवला. "लोकर आणायला जाते."

"कुठली लोकर?" आत्या म्हणाली. "चाळीस छटा आहेत."

"एक्केचाळिसावी," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. एक तास दहा मिनिटं नदीकाठच्या रस्त्याने फिरले. पाय फार गारठले. माझे मोजे गिरणीचे, पातळ आहेत. परत आल्यावर बॅग उघडून भिंगावरचे काढले आणि घातले.

आत्या दिवे लावताना म्हणाली, "मग आता भिंग कशात गुंडाळणार?"

"बघू," मी म्हटलं.

रविवार, ८ डिसेंबर

अहवाल पाठवला. आधीचा मसुदा फाडला. कारण सहानुभूती नाही. त्यातला मुख्य निष्कर्ष चुकीच्या निरीक्षणावर उभा होता, आणि असा कागद मी सही करून देत नाही. मुख्य वाक्यं अशी:

"काम उत्तम आहे. कारागीर सक्षम आहे, मनगट बरं होत आहे. गिऱ्हाइकं नियमित आहेत, एक तर विशेष. त्याच्या कामासाठी लागणाऱ्या मरून धाग्याची उजवी बाही, पाठ आणि पुढचे दोन्ही भाग शिल्लक आहेत. सध्याच्या वेगाने साठा आठ वर्षं पुरेल. शिफारस: दुकान आहे तिथे, आहे तसं चालू ठेवावं."

तासाभरात बाबांचा फोन. "हे बाही आणि पाठ काय लिहिलंयस? मला एक अक्षर कळलं नाही."

"कच्चा माल आहे, बाबा."

"आणि खोलीचं काय? रंगवून ठेवली ना मी!"

"तुम्ही झोपा तिथे. पिवळा रंग डोळ्यांना चांगला."

"तुला तिने फितवलं," ते म्हणाले. आणि मग, "ती ठीक आहे ना पण?"

फोन आत्याला दिला. ती भावाशी वीस मिनिटं भांडली, उभ्याने, आणि भांडून झाल्यावर तिला भूक लागली.

रविवार, १९ जानेवारी

स्वतःच्या घरी परतून महिना झाला. प्लास्टर निघालं. आत्याचं बोट अजून थोडं आखडतं, पण रफू ती आता स्वतः करते. प्रयोगशाळेच्या तक्त्यात मी रंगाचा रकाना घालून घेतला. सहकाऱ्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, एकदा चुकले होते. ते इतके दचकले की पुढे कुणी काही विचारलं नाही.

आज सकाळी उजव्या मोज्याची टाच पातळ झालेली दिसली. उजेडासमोर धरली. एक धागा तुटला आहे. भिंगाखाली घेतला. टोक पिसासारखं आहे, तंतू कुणी लांब, कुणी आखूड. कापलेलं नाही. कारण: चालणं.

आता माझ्याकडे ठोकळा आहे, सुई आहे आणि रफू येते. दहा मिनिटांचं काम. टपालानेही पाठवता येईल.

मी स्वतः घेऊन जाणार आहे. दोन तासांचा प्रवास आहे. धाग्याचा रंग आत्याने निवडावा, पण राखाडीत बुजवायला लागली तर मी ऐकणार नाही.

पुढच्या आठवड्यात जाईन. गुरुवार सोडून कुठल्याही दिवशी.